पंधरा पॉइंट सहा इंच आणि आगळाची बाटली

हातखंब्याच्या तिठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला कुठे जायचंय हे विचारावं लागत नाही. पाठीवरची सॅक चपटी असली की तो रत्नागिरीला कामावर निघालाय, संध्याकाळी परत येणार. सॅकचं पोट सुटलंय आणि चेन शेवटच्या चार बोटांवर अडलीय, म्हणजे चाकरमानी. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणार. आणि चिखलात टेकवायची नाही म्हणून सॅक उराशी धरून जो कोरडी जागा शोधत गोल गोल फिरतोय, त्याच्या सॅकमध्ये लॅपटॉप असतो.

असाच एक गृहस्थ या लेखाचा नायक आहे. मुंबई, गोवा आणि रत्नागिरी या तिन्ही वाटा जिथे फुटतात तिथे त्याचं घर, आणि कोल्हापूरची वाटही पुढे पालीहून वळते. त्यामुळे सल्ला द्यायला त्याच्याकडे कुठल्याही दिशेने पाहुणा उतरू शकतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कंपनीचा लॅपटॉप कंपनीच्याच बॅगेतून गावी आला. घरात रेंज नाही, म्हणून ती बॅग रोज सड्यावर गेली. उन्हाळ्यात कातळावर तापली, जूनमध्ये भिजली, तांबड्या मातीने तळाशी कायमची रंगली. पुढे गृहस्थाने रत्नागिरीतच नोकरी धरली, लॅपटॉप स्वतःचा घेतला, बॅग मात्र तीच राहिली. शेवटी एका सकाळी, एस.टी. समोर येऊन थांबलेली असताना, चेनचा रनर चेन सोडून त्याच्या हातात आला. पक्कड झाली, सुरी झाली. शेजारचे काका येऊन बघून गेले.

"मेणबत्ती घासलीस का?"

"घासली, काका."

"मग नवीन घे."

इथून खरा प्रश्न सुरू झाला.

साठ हजारांचा लॅपटॉप त्याने मेव्हण्याच्या एका फोनवर घेतला होता. आत प्रोसेसर कुठला आहे, हे त्याला आजही पाठ नाही. पण पंधराशेच्या बॅगेवर घरात जी चर्चा झाली, तिचं इतिवृत्त लिहिलं असतं तर ग्रामसभेची वही भरली असती. पार्किन्सन नावाच्या इंग्रज इतिहासकाराने १९५७ साली आपल्या पुस्तकात ही गंमत नोंदवून ठेवली आहे. त्याची काल्पनिक समिती अणुभट्टीचा कोट्यवधींचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास वाद घालते. अणुभट्टी कुणालाच कळत नाही. शेड सगळ्यांना कळते. हातखंब्यात सॅक सगळ्यांना कळते.

पहिलं मत आजोबांचं. "फडक्यात बांध." हे मत हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठेच. अख्ख्या मराठी राज्याचा हिशेब बिनचेनीच्या कापडात राहिला आणि अजून वाचता येतो. गृहस्थाची दोन वर्षांपूर्वीची एक्सेलची फाइल उघडत नाही, हेही आजोबांना कुणीतरी सांगून ठेवलेलं होतं.

दुसरं मत धाकट्या मामाचं. मामा शिक्षक आहे आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला जातो. "विकत कशाला घेतोस? माझ्याकडे पाच पडल्यात." त्या पाचही बॅगांवर प्रशिक्षणाचं नाव, तारीख आणि स्थळ छापलेलं होतं. फुकटच्या बॅगेचं एक वैशिष्ट्य असतं: तिच्यावरची अक्षरं कधीच उडत नाहीत, बंद मात्र तिसऱ्या आठवड्यात उसवतो. तरीही अशा बॅगा वर्षानुवर्षं मिरवल्या जातात, कारण पाठीवर 'राज्यस्तरीय कार्यशाळा' असं असलं की मागच्या सीटवरचा माणूस जरा जपून बोलतो.

शेवटी गृहस्थ रत्नागिरीला रामआळीतल्या एका दुकानात शिरला.

"साइज?"

"पंधरा पॉइंट सहा."

आकडा त्याने पाठ केला होता, पण खात्री करायला शिंप्याकडची टेपही आणली होती. दुकानातच लॅपटॉप मोजला, तर रुंदी जेमतेम चौदा इंच भरली. गृहस्थाचा चेहरा उतरला. साठ हजार मोजून दीड इंच कमी मिळाला होता. दुकानातल्या पोराने समजावलं, "काका, तो आकडा पडद्याचा, तोही कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका. टीव्हीचं पण तसंच असतं." हे ऐकून प्रकरण मिटायला हवं होतं. पण गृहस्थाने घरी जाऊन बत्तीस इंची टीव्ही मोजला. तो रुंदीला अठ्ठावीस भरला. त्या दिवसापासून त्याने बातम्यांवर विश्वास ठेवणंही जरा कमी केलं आहे.

मोजमापाची ही भानगड सोपी आहे, तरी तिच्यात भलेभले फसतात. हल्ली काही लॅपटॉपांचे पडदे जरा उंचाडे येतात. आकडा जवळपास तोच, रुंदीही जवळपास तीच, पण उंची वाढलेली. मग जुन्या खणात लॅपटॉप बसतो आणि वरची चेन लागत नाही. तेव्हा लॅपटॉप स्वतः घेऊन जाणं आणि खणात घालून बघणं, एवढा एकच उपाय. लोक मात्र लॅपटॉप घरी ठेवून आकडा घेऊन जातात. चपला घ्यायला कुणी पाय घरी ठेवून जात नाही.

दुसऱ्या दिवशी पोराने नवं अस्त्र काढलं. "ही सोळाशे ऐंशी डी आहे." डी म्हणजे डेनियर, एवढं गृहस्थाने मोबाइलवर शोधून काढलं. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन, ते डेनियर. म्हणजे त्या बॅगेचा एक धागा हातखंब्याहून सोडत नेला तर कुवारबावच्या रेल्वे स्टेशनाच्या आसपास पोचेल आणि गुंडाळून तराजूत टाकला तर एक किलो सहाशे ऐंशी ग्रॅम भरेल. माहिती एकदम पक्की. तिचं पुढे काय करायचं, हे मात्र त्याला कळलं नाही, कारण त्याची आधीची बॅग कापडाने कधी फाटलीच नव्हती. बॅगा कापडाने मरत नाहीत; चेनने मरतात, आणि त्याखालोखाल पट्टा जिथे शिवलेला असतो तिथे.

मग त्याने चेनचा अभ्यास केला. तादाओ योशिदा नावाच्या जपानी गृहस्थाने १९३४ साली टोकियोत सुरू केलेल्या कंपनीच्या चेनी जगभर नावाजलेल्या. रनरवर 'वायकेके' ही इंग्रजी अक्षरं असतात. हे कळल्यापासून तो तिठ्यावर लोकांच्या पाठीमागे जाऊन वाकून बघू लागला.

"काय पाहिजे?" एका प्रवाशाने दरडावलं.

"काही नाही, तुमची चेन बघतोय."

पुढचा संवाद छापण्यासारखा नाही. एवढंच सांगता येईल की 'पाकीटमार' हा शब्द उच्चारला गेला आणि गृहस्थाला ती एस.टी. सोडून द्यावी लागली.

चेनपाठोपाठ पाऊस आला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे सगळं पाणी जागेवर साठलं तर तीन मीटर. एवढ्या पाण्याचा विचार बॅगेचा नमुना काढणाऱ्याने केलेला असतो का, हा प्रश्न कोकणातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पडतो.

"वॉटरप्रूफ आहे का?"

"वॉटर रेझिस्टंट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पाऊस थांबेपर्यंत टिकेल."

"इथे तो सप्टेंबरात थांबतो."

पोराने मग तळाच्या खणातून पोपटी रंगाचं रेनकव्हर उपसून दाखवलं. शेतावर जाणारा माणूस पूर्वी पानांचं इरलं पाठीवर घ्यायचा, त्याचीच ही नायलॉनची पिढी. फरक एवढाच की इरल्याखाली माणूस असे आणि या कव्हराखाली फक्त बॅग असते. शिवाय पाणी बॅगेत मागून शिरत नाही. ते मानेवरून पाठीवर उतरतं आणि पाठ व सॅक यांच्यामधून, जिकडे कव्हर नाही त्या बाजूने, चेनीच्या आणि शिवणीच्या भोकांतून निवांत आत जातं. छत्री घेतली तर ती माणसाचं डोकं झाकते, पाठीवरची सॅक बाहेर भिजते. म्हणून छत्री मागे कलंडवली की सॅक कोरडी आणि माणूस ओला. जुलैमध्ये तिठ्यावर असे पुढून चिंब आणि मागून कोरडे नोकरदार पुष्कळ दिसतात. यातून सुटायची जुनी युक्ती म्हणजे लॅपटॉप आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि मग बॅगेत. पंचवीसशेची बॅग घेतलेल्यांच्याही आत तांदळाची रिकामी पिशवी सापडते, पण हे कुणी कबूल करत नाही.

याच सुमारास कोल्हापूरहून साडू आला. आंबा घाट उतरून आलेला माणूस चामड्याशिवाय दुसरं काही सुचवणं शक्य नव्हतं. "घ्यायची तर चामड्याची घ्या, पाव्हणं. नातू वापरंल." चामड्याची बॅग देखणी होती यात वाद नाही. ती खांद्यावर टाकली की गृहस्थ सरकारी वकिलाइतका गंभीर दिसू लागला. पण कोकणातल्या आषाढात चामडं बंद कपाटात ठेवलं की त्यावर बुरशी धरते, आणि लगेच धरते. बायकोने एकदा कपाट उघडलं, बॅग बघितली आणि विचारलं, "ही हिरवी कधी घेतलीत?" रेक्झिनची घ्यावी तर त्यावरचा थर दमट हवेत दोन-चार वर्षांत सुटतो, आणि मग शर्टाला काळी सालपटं लावून माणूस कचेरीत हजर होतो. दुकानात मात्र त्याच रेक्झिनला आता 'वीगन लेदर' म्हणतात आणि किंमतही त्या मानानेच सांगतात.

मुंबईहून आलेल्या मेव्हण्याची तऱ्हा निराळी. त्याचं सगळं आयुष्य लोकलमध्ये "ओ, बॅग पुढे घ्या" हे ऐकण्यात गेलेलं. त्याने चोरांना दाद न देणारी बॅग आणली: चेन पाठीच्या बाजूला, वर तीन आकड्यांचं कुलूप. चोराला ती उघडत नाही हे खरंच आहे. मालकालाही उघडत नाही. कंडक्टर समोर उभा, "सुट्टे काढा", आणि पाकीट पाठीला चिकटलेल्या खणात. सॅक उतरवायची, मांडीवर पालथी घालायची, कुलूप फिरवायचं. तोवर नाणिज, पाली, जे काही पुढे असेल ते मागे पडायचं. पुढे कुलपाचा आकडाच विसरला. हिशेबाने बघितलं तर यात घाबरण्यासारखं काही नाही. ०००पासून ९९९पर्यंत एक हजार आकडे. प्रत्येकाला तीन सेकंद धरली तर फार फार तर पन्नास मिनिटं. तिठ्यावर एस.टी.ची वाट बघत तेवढा वेळ सहज मिळतो.

मेव्हण्याच्या त्या बॅगेला मोबाइल चार्ज करायचं भोकही होतं. गृहस्थाच्या आईने त्यात वायर घालून दोन तास वाट बघितली. आत पॉवर बँक आपलीच ठेवावी लागते आणि कंपनी देते ती फक्त वायर, हे कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे भोकाचे पैसे घेतले." बाजारात या भोकाबद्दल एवढं नेमकं परीक्षण दुसरं आढळत नाही.

छातीवरच्या पट्ट्याच्या बकलमध्ये शिट्टीही असते. डोंगरात वाट चुकली तर वाजवायला म्हणून ती दिलेली. गृहस्थाच्या भाच्याला ती पालीच्या चढावर सापडली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, कंडक्टर मागे वळून म्हणाला, "कोण उतरतंय?", आणि कुणीच उतरेना. मागे ट्रॉलीच्या दांड्यात अडकवायचा पट्टा होता. ज्याची बहुतेक वाटचाल लालपरीने होते त्याला विमानतळावरच्या ट्रॉलीचा काय उपयोग? पण त्या पट्ट्यात ओली छत्री इतकी नेटकी बसते की तो बनवणाऱ्याने रत्नागिरी पाहिली असावी, असं वाटतं.

या सगळ्या बॅगखरेदीत एक ओळखीचा घोळ आहे. माणूस बॅग घेतो ती आपल्यासाठी नाही, आपण व्हायचं ठरवलेल्या कुणा दुसऱ्यासाठी. एकाला आठवड्याला हिमालय चढायचा असतो, एकाला महिन्यात चार विमानं पकडायची असतात, एकाला मंत्रालयात फाइल घेऊन शिरायचं असतं. ते सगळे गृहस्थ बॅगेत बसून हातखंब्याच्या तिठ्यावर येतात आणि रत्नागिरीचं तिकीट काढतात.

बॅगेतल्या ज्या गोष्टीला खरोखर महत्त्व आहे तिची जाहिरात कुणी करत नाही. लॅपटॉपचा खण बॅगेच्या तळापर्यंत शिवलेला आहे, की तळापासून इंचभर वर संपतो? तळाला टेकलेला असला तर सॅक फरशीवर ठेवली की लॅपटॉपच फरशीवर आपटतो, मग चारी बाजूंनी कितीही जाड फोम असो. आत हात घालून चाचपलं की पाच सेकंदांत कळतं. अमेरिकी लष्कराची एमआयएल-एसटीडी-८१० ही कसोटी काही लॅपटॉपांवर मिरवली जाते. तिच्यात वस्तू १२२ सेंटिमीटर उंचीवरून २६ वेळा आपटतात. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि तेव्हापासून या रस्त्याने प्रवास केलेल्यांना २६ हा आकडा किरकोळ वाटेल.

आता मुख्य मुद्दा, आणि तो आईचा आहे.

गृहस्थाची बॅग रोज रत्नागिरीला जाते, पण महिन्यातून एकदा तिला मुंबईच्या मुख्य कार्यालयात मीटिंगला जावं लागतं. आदल्या रात्री आई स्वयंपाकघरातून येते.

"एवढं बहिणीला दे."

"आई, लॅपटॉपची बॅग आहे ती."

"असू दे रे, जड नाही. कोकमाचं आगळ आहे नुसतं."

नुसतं आगळ म्हणजे एक लिटरची बाटली. तिच्यामागून आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाची साठं, तांदळाचे पापड आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक निनावी पुडकं येतं. ते पुडकं कुणी उघडू नये म्हणून आईने त्यावर दोन गाठी मारलेल्या असतात, तरी पनवेल येईपर्यंत अख्ख्या गाडीला त्यात सुके बोंबील असल्याचं कळतं. मीटिंगमध्ये साहेबांनी एसी वाढवायला सांगितला. गृहस्थाने शांतपणे पडद्यावर तिमाहीचे आकडे दाखवले, पण शाकाहारी सहकारी खुर्च्या सरकवून बसले ते बसलेच. हंगामात तर विचारायलाच नको. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानाने बॅगेतला सगळ्यात मऊ, सगळ्यात सुरक्षित खण त्याला मिळणं रास्तच होतं. लॅपटॉप बाहेर काढून हातात धरला गेला. मुंबईला पोचल्यावर बहिणीने आधी आंबे चाचपून बघितले, मग भावाला पाणी दिलं.

आणि आगळ सांडतं. बाटलीचं बूच कितीही आवळा, चेंबूर येईपर्यंत एक धार सुटतेच. आगळात मीठ असतं आणि आंबटपणा असतो, म्हणजे कीबोर्डाच्या नाशाला लागणारी दोन्ही द्रव्यं त्यात आयती जमलेली. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडला, वास घेतला आणि विचारलं, "सोलकढी?" कोकणातल्या माणसाला दुरुस्तीच्या वॉरंटीत हा प्रकार कुठल्या कलमात बसतो, हे विचारायचं धैर्य झालं नाही.

वजनाचा हिशेब तर ऐतिहासिक आहे. १९८१ साली ऑस्बोर्न १ हा सोबत नेता येण्याजोगा म्हणून गाजलेला संगणक आला. पडदा पाच इंचाचा, वजन जवळपास ११ किलो. त्याला बॅग लागत नसे. झाकण लावलं की तोच मूठ असलेली बॅग होई. मग अभियंत्यांच्या पिढ्या वजन उतरवण्यासाठी खपल्या. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सनी मॅकबुक एअर चक्क खाकी लिफाफ्यातून काढून दाखवला, वजन १.३६ किलो. लॅपटॉपची जगातली सगळ्यात गाजलेली पिशवी ती, आणि आपल्याकडे तसा लिफाफा कचेरीत दिसला की लोक आधी दार लावून घेतात. एवढी सगळी प्रगती करून हातखंब्याच्या गृहस्थाने मुंबईला जाताना आपली बॅग रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली, तर ती पुन्हा ११ किलो भरली. विज्ञानाने जे नऊ-दहा किलो उतरवले, ते आईने परत चढवले.

मुलांच्या दप्तराचं वजन त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं राज्य सरकारने २०१५ साली ठरवून दिलं आणि केंद्राच्या २०२० च्या धोरणातही तेच आहे. त्या नियमाने बघितलं तर पासष्ट किलोच्या गृहस्थाला साडेसहा किलो चालतात. पण त्याच्यावर देखरेख करायला शाळेचे मुख्याध्यापक नाहीत, आणि असते तरी आईने त्यांच्याही हातात एक पुडकं दिलं असतं.

सरतेशेवटी त्याने एक साधी काळी सॅक घेतली. खण तळापासून वर शिवलेला, चेनी दणकट, पट्ट्यांना दुहेरी शिवण, रेनकव्हर आत, शिट्टी नाही. दुकानातल्या पोराला ती विकायची नव्हती, कारण तिच्यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. मेव्हण्याने नाक मुरडलं, साडूने "बरी हाय" म्हटलं, मामाने तिच्यावर काही छापून घ्यायचं सुचवलं. आईने मात्र ती उघडून बघितली आणि तिला जागा कमी वाटली.

तेव्हा बॅगा बनवणाऱ्यांना कोकणातून एक विनंती आहे. पेनांच्या तीन नळ्या दिल्या नाहीत तरी चालेल. व्हिजिटिंग कार्डाचा खण तर नकोच. त्याऐवजी लिटरची बाटली उभी राहील असा एक खोल कप्पा बाहेरच्या बाजूला द्या आणि तिच्या व लॅपटॉपच्या मध्ये पाणी न झिरपणारं अस्तर घाला. आणि खरेदीला निघणाऱ्यांनी दुकानात आकडा नेऊ नये. लॅपटॉप, चार्जर आणि भरलेली आगळाची बाटली अशा तिन्ही वस्तू न्याव्यात, तिथेच भराव्यात, पाठीला लावून दुकानाच्या चार पायऱ्या चढून-उतरून बघाव्यात. दुकानदार हसेल, हसू दे. बूच तेवढं घट्ट लावा.